पाण्याकाठची वाट कशी निवडावी?

(मंडळाच्या श्रावणातील सभेत सहल समितीच्या वतीने केलेल्या भाषणाचा मजकूर)



सहल समिती म्हटले की बस, नाश्ता आणि वर्गणी एवढेच आमच्याकडून ऐकायची आपल्याला सवय आहे. आज मात्र आम्ही आमच्या एका चुकीबद्दल आणि ती सुधारताना जे शिकलो त्याबद्दल बोलणार आहोत.

गेल्या दोन हिवाळ्यांत आपण दोनदा नाशिक जिल्ह्यातल्या नांदूर मध्यमेश्वरला गेलो. ठिकाण तेच, महिना तोच, बसही तीच आणि माणसेही जवळजवळ तीच. तरी पहिल्या खेपेला सगळे चिडून परतले आणि दुसऱ्या खेपेला परतीच्या बसमध्ये कुणाला झोपायचेच नव्हते. फरक होता तो फक्त पायी चालायची वाट निवडण्यात.

आपण भेस्तानकर. एका बाजूला पांडेसरा, दुसऱ्या बाजूला सचिन. कुणी लूमवर, कुणी डाइंगमध्ये, कुणी दुकानात. आपल्यातले बहुतेक जण धुळे, जळगाव, नंदुरबारकडून ताप्ती लाइनच्या गाडीने इकडे आले आणि इथलेच झाले. आपल्या मुलांना पाणी म्हटले की नळाची वेळ आठवते, नाहीतर पावसाळ्यात भरून येणारी खाडी. वाहत्या किंवा साठलेल्या पाण्याकाठी नुसते बसायचे असते, हे त्यांनी पाहिलेले नाही. म्हणून मंडळाने ठरवले की वर्षातून एक सहल पाण्याकाठी न्यायची. सापुताऱ्याचा तलाव बहुतेकांनी पाहिला आहे, तिथे बोटिंग झाले की सहल संपते. म्हणून आम्ही तसेच पुढे वणी, पिंपळगाव बसवंत करत निफाड तालुक्यात उतरायचे ठरवले.

आधी हे ठिकाण कसे तयार झाले ते सांगतो, कारण वाटेची निवड त्यावरच अवलंबून आहे. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळ इंग्रजांच्या काळात, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, शेतीच्या पाण्यासाठी दगडी बंधारा बांधला. नद्यांनी वर्षानुवर्षे गाळ आणला आणि तो बंधाऱ्यामागे साचत गेला. पाणी उथळ झाले, मध्ये बेटे तयार झाली, कडेला पाणकणीस माजले. इंजिनियरच्या हिशेबाने गाळ म्हणजे तोटाच, पण पाखरांना तो मानवला. उथळ पाण्यात वनस्पती, किडे, शिंपले, मासे वाढले आणि त्यांच्यामागे पक्षी आले. १९८६ मध्ये हे अभयारण्य झाले. २०२० च्या सुरुवातीला महाराष्ट्रातले पहिले रामसर स्थळ म्हणून त्याचे नाव जाहीर झाले. रामसर हे इराणमधले गाव. १९७१ मध्ये तिथे पाणथळ जागा जपण्याचा आंतरराष्ट्रीय करार झाला, म्हणून हे नाव. आपल्या गुजरातेतले नळसरोवरही त्याच यादीत आहे.

आता मुख्य मुद्दा. बाहेरून पाहिले तर हे एकच तळे वाटते. पण काठाने चालू लागले की दर थोड्या अंतरावर जागा बदलते आणि जागेबरोबर पाखरे बदलतात. उघड्या पाण्यावर तलवार बदक, थापट्या, चक्रवाक असतात. थंडीत हिमालय ओलांडून येणारा पट्टकादंबही दिसतो. पाय बुडेल एवढ्याच पाण्यात शेकाट्या, चमचा, चित्रबलाक उभे असतात. पाणकणसात जांभळी पाणकोंबडी आणि वारकरी. हो, वारकरीच! काळ्या अंगाचा पक्षी, कपाळावर पांढरा पट्टा, जणू गोपीचंदन लावलेले. काठच्या बाभळींवर धीवर आणि वेडे राघू. मागे वळून शेताकडे आलात तर चंडोल, खाटीक आणि गव्हावरून खाली खाली घिरट्या घालणारा भोवत्या. खाणगाव थडीला बंधाऱ्याच्या खालच्या अंगाला खडकाळ नदीपात्र आहे, तिथे पुन्हा वेगळा संसार: धोबी, तुतवार, नदीसुरय. एका दिवसात एवढे सगळे पायी होत नाही. आणि आम्ही पहिल्या वर्षी नेमके तेच करायला गेलो.

त्या वर्षी काय झाले ते लपवत नाही. सापुताऱ्याला नाश्ता करण्यात वेळ गेला आणि चापडगावला पोहोचेपर्यंत ऊन चढले. “एवढ्या लांब आलो आहोत तर सगळेच पाहू,” असे म्हणून आम्ही सगळ्यांत लांबची वाट धरली. काठाने पार टोकाच्या मनोऱ्यापर्यंत जायचे आणि शेतातून फिरून परत यायचे. चाळीस माणसे एका रांगेत, कुणाच्या मोबाइलवर गाणी, मुलांच्या अंगात लाल-पिवळे टी-शर्ट. आम्ही पोहोचायच्या आधीच पुढचा थवा उडायचा. शेतात पाणी सोडलेले होते, काळी माती चपलांना चिकटून पाय जड झाले. मुले रडकुंडीला आली. फिरून येणारी वाट असल्यामुळे मधून परतायचीही सोय नव्हती.

आणि सगळ्यांत वाईट म्हणजे आपल्या तीन ज्येष्ठांना आम्ही बसमध्येच बसवून गेलो. “तुम्हाला झेपणार नाही, आम्ही आलोच,” असे सांगितले आणि तीन तासांनी आलो. त्यातल्या एक आजी आम्हाला म्हणाल्या, “पानी देखाले इतला लांब उनूत, नि पानीच नही देखं.” पाणी पाहायला एवढ्या लांब आलो आणि पाणीच पाहिले नाही. हे बोलणे आम्हाला वर्षभर टोचत राहिले.

पुढच्या वर्षी आम्ही उलट्या बाजूने विचार केला. वाट किती लांब आहे हा प्रश्न नंतरचा. आपल्यातला सर्वांत हळू चालणारा माणूस कुठवर जाईल, हे आधी ठरवले. उत्तर आले: सपाट जमिनीवर अर्धा तास, मध्ये दोनदा बसून. मग तेवढ्या अंतरात काठाचे जास्तीत जास्त प्रकार कुठे भेटतात, हे तिथल्या गाइडला विचारले. त्याने एक छोटी वाट दाखवली. आधी बाभळी, मग पाणकणीस, मग उघडे पाणी. आम्ही शनिवारी रात्री भेस्तानहून निघालो आणि उजाडता उजाडता काठावर होतो.

आजींना घडीच्या खुर्चीवर पाणकणसापाशी बसवले. आम्ही दुर्बिणी लावून लांबवर शोधत होतो. आजींनी हाताने आम्हाला गप्प केले आणि पायापुढच्या झुडपाकडे बोट दाखवले. दहा पावलांवर जांभळी पाणकोंबडी, मागे तिची पिल्ले! आजी म्हणाल्या, गवत जिथे संपते आणि पाणी सुरू होते तिथे पाहा, लहान मासे तिथेच लपतात, म्हणून पाखरूही तिथेच येते. त्यांना हे कुठल्या पुस्तकातून कळले नव्हते. त्यांचे माहेर तापीकाठचे, नंदुरबारकडचे. १९७२ मध्ये उकाईचे धरण पूर्ण झाले आणि किती तरी गावे त्या पाण्याखाली गेली, त्यातले एक त्यांचे.

मग मुले त्यांच्याभोवती बसली आणि त्यांनी सांगितले. कौले उतरवून बैलगाडीत कशी भरली, देवघरातले देव कुणी उचलले, पाणी चढू लागल्यावर गावातले लोक रोज टेकडीवर जाऊन आज कुठवर आले ते कसे पाहून येत. त्यांचा मुलगा आमच्याबरोबर होता. तो म्हणाला, “आईने हे आम्हाला कधीच सांगितले नव्हते.” आजी म्हणाल्या, “तुम्ही विचारले कधी? आणि पाण्याकाठी नेले तरी कधी?” त्या दिवशी आम्ही जेमतेम एक किलोमीटर चाललो असू, पण पाखरे मात्र पहिल्या वर्षीपेक्षा कितीतरी जास्त पाहिली.

आता यापुढे सहलीला जाणाऱ्या प्रत्येकासाठी आम्हाला कळलेल्या गोष्टी सांगतो.

पहिली: वाट किलोमीटरवर मोजू नका, वेळेवर मोजा. थांबत, पाहत चालायचे तर एका किलोमीटरला तास लागतो.

दुसरी: मोठा गट असेल तर गेल्या वाटेने परत येणारी वाट घ्या. थकलेला माणूस मध्येच झाडाखाली बसतो आणि परतताना त्याला सोबत घेता येते. फिरून येणाऱ्या वाटेत ही सोय नसते.

तिसरी: सकाळी सूर्य पाठीशी राहील असा काठ निवडा. समोरून ऊन आले तर प्रत्येक पक्षी काळाच दिसतो. संध्याकाळी बाजू बदला.

चौथी: दोन वेगळ्या जागा जिथे भेटतात तिथून जाणारी वाट घ्या. गवत आणि पाणी, झाडे आणि शेत. आजींचे हे शास्त्र कायम लक्षात ठेवा.

पाचवी: चाळीस जणांनी एकत्र चालू नये. दहा-दहांचे गट करा. जे दांडगे आहेत, तरुण आहेत, त्यांनी लांबचा मनोरा खुशाल गाठावा, पण आधी नाही. आधी सगळ्यांनी मिळून छोटी वाट, मग ज्याची त्याची.

सहावी: निफाडची थंडी हलक्यात घेऊ नका. महाराष्ट्रातल्या थंडीच्या बातम्यांत हे नाव दरवर्षी येते. आपल्या सुरतेच्या हवेला सवयलेल्या माणसाला पहाटे तिथे कानटोपी लागतेच. कपडे मातकट रंगाचे घ्या, पायात बूट घाला, आणि गाणी बसमध्येच ठेवा.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा तिथला चांगला काळ. त्याआधी घरच्या घरी सराव करायचा असेल तर आपल्या सुरतेतच डुमसच्या बाजूला गवियरचा तलाव आहे. थंडीत तिथेही पाहुणे पक्षी येतात. प्रवेशाची चौकशी करून एखाद्या रविवारी सकाळी आई-वडिलांना आणि मुलांना घेऊन जा. लांब जायलाच हवे असे नाही.

आता बाप्पा येत आहेत. आपल्या शहरात विसर्जनासाठी महापालिका कृत्रिम तलाव करते. सुरुवातीला आपल्यातल्या काहींना ते रुचले नव्हते, तापीमाईच हवी असे वाटायचे. पण पाणकणसातली ती पिल्ले पाहिलेल्या मुलांनी या वर्षी आपणहून शाडूच्या मूर्तीचा आग्रह धरला आहे. आम्ही त्यांना उपदेश केला नव्हता. त्यांनी फक्त पाणी जवळून पाहिले होते.

या हिवाळ्यातल्या सहलीची नावनोंदणी आरतीनंतर मांडवात सुरू राहील. ज्येष्ठांची नावे आधी घेऊ. कारण वाट त्यांच्या पावलांवरून ठरवायची आहे.

गणपती बाप्पा मोरया!