बडतर्फीचा हुकूम आणि न्यायालयाचें दार

प्राणहिता आणि गोदावरी यांच्या संगमावर सिरोंचा वसलें आहे. तेथून गडचिरोली दूर, आणि उच्च न्यायालयाचें खंडपीठ जेथें बसतें तें नागपूर त्याहूनहि दूर. अशा अरण्यमय मुलखांतील बँकेच्या शाखेंत तेंदूपत्त्याच्या हंगामानंतर मजुरीचे पैसे काढावयास माणसांची रीघ लागते. सायंकाळीं रोकड आणि हिशेब यांचा मेळ बसला नाहीं, कीं संशयाचें बोट प्रथम रोखपालाकडे वळतें. मग निलंबन, आरोपपत्र, खातेनिहाय चौकशी. आणि कित्येकदां शेवटीं बडतर्फीचा हुकूम. तो हातीं पडतांच घरांत एकच उद्गार निघतो : "आतां कोर्टांत जाऊं, खरेंखोटें तेथेंच ठरेल!"

हा समज अर्धाच खरा आहे, आणि त्यापायीं पुष्कळांचें नुकसान होतें. सरकारी बँकेच्या अधिकाऱ्याला राज्यघटनेच्या २२६व्या कलमान्वयें उच्च न्यायालयांत जातां येतें. परंतु तें न्यायालय चौकशी नव्यानें करीत बसत नाहीं. निर्णय कोणत्या रीतीनें घेतला गेला, हें तें पाहतें. आणि शिक्षा विवेकबुद्धीला धक्का देण्याइतकी कठोर असेल, तरच तींत हात घालतें. सर्वोच्च न्यायालयानें १९९५ सालीं हें स्पष्ट केलें आहे.

कारकून व शिपाई यांचा मार्ग अधिक रुंद आहे. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यांत १९७१ सालीं ११-अ हें कलम घालण्यांत आलें आणि बडतर्फी रद्द करून सौम्य शिक्षा देण्याचा अधिकार न्यायाधिकरणास मिळाला. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या कायद्याची जागा औद्योगिक संबंध संहितेनें घेतली. तींतहि हा अधिकार राखलेला आहे. मात्र तो चालवावयाचा, तो दप्तरांत आलेल्या पुराव्याच्याच आधारें.

म्हणजे लढाईचें खरें मैदान चौकशीची खोली हेंच होय. पंजाब नॅशनल बँकेच्या एका शिपायावर ड्राफ्टचें पुस्तक नाहींसें केल्याचा आरोप होता. बँकेची भिस्त पोलिसांपुढील कबुलीवर आणि नुसत्या हजर केलेल्या कागदांवर होती. त्यांतील मजकूर साक्षीनें कोणी सिद्धच केला नव्हता. डिसेंबर २००८ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें सांगितलें, कीं पोलिसांतील फिर्याद म्हणजे पुरावा नव्हे. आणि ती बडतर्फी टिकली नाहीं.

याची दुसरी बाजूहि आहे. १९९६ च्या एका प्रकरणांत अधिकाऱ्यानें आपल्या अधिकाराबाहेर कर्जाऊ रकमा दिल्या होत्या. बँकेचें नुकसान सिद्ध झालें नाहीं, ही सबब न्यायालयानें मानली नाहीं. अधिकाराची मर्यादा ओलांडणें हेंच गैरवर्तन ठरलें. हें कठोर वाटेल. परंतु ज्या मजुरानें रानांत पानें तोडून चार पैसे मिळविले, त्याच्या ठेवीला या शिस्तीवांचून दुसरें कुंपण कोणतें?

म्हणून ज्याच्यावर हा प्रसंग येईल, त्यानें आरोपपत्रास लेखी व मुद्देसूद उत्तर द्यावें. हवे ते कागद लेखी मागावे, साक्षीदारांची उलटतपासणी घ्यावी, आणि न वाचतां कोठेंहि सही करूं नये. "कबूल कर, सांभाळून घेऊं," अशा तोंडी आश्वासनावर लिहून दिलेली कबुली पुढें परत घेणें फार अवघड होतें. चौकशी-अधिकाऱ्याच्या अहवालाची प्रत शिक्षेपूर्वीं मिळणें हा हक्क आहे. १९९३ सालीं तो सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानें मान्य केला. मात्र प्रत न मिळाल्यानें आपली कोणती हानि झाली, हें दाखवावें लागतें. नुसती तक्रार पुरत नाहीं.

सिरोंच्याहून नागपूरला निघालेल्या माणसाजवळ पैसा थोडा असेल, वकील मोठा नसेल. परंतु चौकशीच्या दप्तरांत त्याचा प्रत्येक आक्षेप वेळच्या वेळीं नोंदलेला असेल, तर तो रिकाम्या हातानें गेला असें होत नाहीं. न्यायालय वाचील तें दप्तरच.