परमुलखातील रस्ता आणि आम्ही
(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेले भाषण)



आपल्या मंडळाच्या व्यासपीठावरून आजवर अनेक विद्वानांची भाषणे झाली. आमचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. हयात प्राथमिक शाळेत खडू झिजविण्यात गेली. तेव्हा विद्वत्तेचे काही आमच्यापाशी नाही. परंतु कार्यवाहांनी असा आग्रह धरला की, 'गुरुजी, आपण चार महिने अमेरिकेत राहून आलात. ज्ञातीतील पुष्कळ वडीलधारी मंडळी आता मुलांकडे जाऊ लागली आहेत. त्यांना उपयोग होईल असे काही सांगा.' म्हणून आम्ही हा विषय घेतला आहे. मोठमोठे धबधबे आणि गगनचुंबी इमारती यांचे वर्णन आम्ही करणार नाही. पहिले पंधरा दिवस आम्ही तेथे कसे काढले, तेथील रस्त्याने आम्हांस काय शिकविले आणि आमच्या हातून कोणती चूक घडली, एवढेच प्रांजळपणे निवेदन करावयाचे आहे.

आमचे चिरंजीव न्यू जर्सी राज्यात एडिसन येथे असतात. विजेच्या दिव्याचे सुप्रसिद्ध संशोधक थॉमस एडिसन यांची मेन्लो पार्क येथील प्रयोगशाळा याच गावाच्या हद्दीत होती. म्हणून १९५४ साली गावाचे जुने नाव बदलून त्यांचे नाव देण्यात आले. सन २०२४ च्या मे महिन्याच्या आरंभी आम्ही उभयता तेथे पोहोचलो. पहिले चार दिवस तर दिवस कोणता आणि रात्र कोणती हेच उमगेना. त्या ऋतूत तेथील घड्याळ आपल्याहून साडेनऊ तास मागे असते. पहाटे दोनला आम्ही टक्क जागे, आणि दुपारी जेवणाच्या ताटावर पेंगत बसलेले. रात्रीचे आठ वाजत आले तरी बाहेर उजेड. त्यामुळे दिवेलागणीची वेळ गाठावी कशी, हा सौभाग्यवतींपुढे प्रश्न. घरातील दिव्यांची बटणे आपल्या उलट, म्हणजे वर केली की दिवा लागावयाचा. उष्णतामान फॅरनहाइटमध्ये, अंतर मैलांत, आणि तारीख लिहिताना महिना आधी. पस्तीस वर्षे मुलांकडून कोष्टके पाठ करून घेतलेल्या आम्हांस पुन्हा पहिलीच्या वर्गात बसावे लागले.

याहून अवघड होती ती शांतता. सकाळी आठ वाजता चिरंजीव व सूनबाई कामावर जात, सात वर्षांची नात शाळेत जाई, आणि मग त्या सुबक घरात आम्ही दोघेच. दारावरून भाजीवाली जात नाही, शेजारीण वाटी मागावयास येत नाही, रस्त्याने पायी चालणारा माणूस दिसत नाही. ओक ट्री रोड नावाचा एक रस्ता तेथे आहे. त्यावर आपल्याकडील कोथिंबीर, कढीपत्ता, ज्वारीचे पीठ सारे मिळते. परंतु तो आमच्या घरापासून तीन मैलांवर, आणि वाटेत काही ठिकाणी पायवाटसुद्धा नाही. मोटार नसेल तर माणूस तेथे पांगळाच म्हणावयाचा. चौथ्या दिवशी सौभाग्यवती खिडकीशी बसून म्हणाल्या, "अहो, घर सोन्याचं आहे, पण पाय बांधल्यासारखं झालंय." ते वाक्य आमच्या मनास लागले, आणि आम्ही मोटार हाकण्याचे ठरविले.

येथे सांगितले पाहिजे की, निवृत्तीनंतर घेतलेली आमची लहान मोटार आम्ही आठ वर्षे चालवीत आहोत. निघण्यापूर्वी परिवहन कार्यालयातून आंतरराष्ट्रीय वाहन परवानाही काढून घेतला होता. तो एक वर्षापुरता असतो व मूळ परवाना सोबत ठेवावा लागतो. चिरंजीवांनी विमा कंपनीस कळवून आमची सोय करून घेतली, आणि सलग तीन सायंकाळी शेजारी बसून त्यांनी आम्हांस रस्ते दाखविले.

तेथे वाहने रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात. ही रीत जुनी आहे. फिलाडेल्फिया ते लँकेस्टर या रस्त्यासाठी पेन्सिल्व्हेनिया राज्याने १७९२ साली उजव्या बाजूचा नियम केला, आणि पुढे इतर राज्यांनीही तो उचलला. आपण इंग्रजांमुळे डावीकडचे. स्वीडन देशाने तर ३ सप्टेंबर १९६७ रोजी एका दिवसात डावी बाजू सोडून उजवी धरली. साऱ्या राष्ट्राने जे एका दिवसात केले, ते आम्हा एकट्यास साधावयास आठवडा लागला. पहिल्या दिवशी आम्ही सवयीने उजवे दार उघडून आत बसलो, तो समोर सुकाणूचक्रच नाही! नात मागच्या आसनावरून खदखदा हसली. वळताना दिवा दाखवावा म्हणून आम्ही कांडी दाबावी, आणि स्वच्छ उन्हात काच पुसणारे दांडे फिरू लागावे. कारण त्या कांड्यांची जागाही उलट असते. सर्वांत मोठा धोका वळणावर. सरळ रस्त्यावर इतर गाड्या पाहून माणूस बरोबर चालतो; परंतु रिकाम्या चौकात वळताना हात जुन्या सवयीने डावीकडे जातो. चिरंजीवांनी एक युक्ती सांगितली, "बाबा, चालवणारा नेहमी रस्त्याच्या मधल्या रेघेकडे असला पाहिजे. तेवढं लक्षात ठेवा." हे सूत्र आम्ही वळणावळणावर पुटपुटत असू.

नियमांचे आम्हांस नवल वाटले. चारही बाजूंस 'थांबा' अशी लाल पाटी असलेल्या चौकात पोलीस नसतो, दिवा नसतो. जो आधी येऊन थांबला तो आधी जातो. दोघे एकदम आले तर उजव्या हाताच्या वाहनास वाट द्यावयाची. थांबणे म्हणजे चाक पूर्ण स्थिर झाले पाहिजे. गती कमी केली म्हणजे थांबलो असे होत नाही. निषेधाची पाटी नसेल तर लाल दिव्यावरही पूर्ण थांबून, वाट पाहून, उजवीकडे वळता येते. कित्येक ठिकाणी डावीकडे जाण्यासाठी आधी उजवीकडच्या फाट्याने बाहेर पडून वळसा घ्यावा लागतो; न्यू जर्सीत अशी वळणे फार. वस्तीत बहुधा ताशी २५ मैलांची, म्हणजे सुमारे ४० किलोमीटरची मर्यादा. आठ वर्षांखालील व ५७ इंचांहून कमी उंचीच्या मुलास मागील बाजूस वेगळ्या आसनावर पट्ट्याने बांधूनच बसवावे लागते. आंतरराज्यीय महामार्गांचे क्रमांकही मुद्दाम योजलेले आहेत: सम क्रमांकाचे पूर्व-पश्चिम आणि विषम क्रमांकाचे उत्तर-दक्षिण. आणि एक गंमत. पेट्रोल स्वतः भरण्यास त्या राज्यात १९४९ च्या कायद्याने मनाई आहे. पंपावरील माणूसच भरतो. भोंगा मात्र आठ दिवसांत आम्ही दोनदाच ऐकला, आणि दोन्ही वेळा तो आमच्यासाठीच होता.

आता त्या दुसऱ्या भोंग्याची हकीगत सांगतो. ती सांगावी की न सांगावी याचा आम्ही पुष्कळ विचार केला. परंतु जो शिक्षक स्वतःची चूक झाकतो त्याने दुसऱ्याची वही तपासू नये, असे आम्ही मानतो.

नवव्या दिवशी प्रथमच आम्ही दोघे एकटे मोटार घेऊन निघालो. ओक ट्री रोडवर भाजी घेतली, देवास फुले घेतली. सौभाग्यवती तर माहेरी जाऊन आल्यासारख्या प्रसन्न होत्या. परत येताना, घरापासून दोन गल्ल्या अलीकडे, समोरून आलेली एक पिवळी शाळेची बस रस्त्यापलीकडे थांबलेली दिसली. तिच्यावर लाल दिवे लुकलुकत होते आणि अंगावरून 'थांबा' अशी लहान पाटी बाहेर आलेली होती. आम्हांस वाटले, ती बस पलीकडच्या बाजूस, आपण अलीकडच्या. आपला काय संबंध? आम्ही गती किंचित कमी केली व पुढे गेलो. तेवढ्यात बसचा भोंगा जोराने वाजला. आमच्या बाजूच्या पदपथावर एक बाई उभी होती. तिने दोन्ही हात उंचावले होते, आणि बसच्या पुढून रस्ता ओलांडावयास निघालेला एक लहान मुलगा पाऊल मागे घेऊन जागच्या जागी थिजला होता.

मुलास काही झाले नाही. त्याच्यात व आमच्यात एका गाडीचे अंतर असेल. आम्ही घरी पोहोचलो, परंतु हातपाय कापत होते. सौभाग्यवती एवढेच म्हणाल्या, "अहो, त्या आईचा चेहरा पाहिलात का?"

सायंकाळी आम्ही नातीस सहज विचारल्यासारखे विचारले, "तुमची बस थांबली की काय होते ग?" ती म्हणाली, "आजोबा, सगळ्या गाड्या थांबतात. दोन्हीकडच्या. मग आम्ही क्रॉस करतो." सात वर्षांच्या मुलीस जे ठाऊक होते, ते आम्हांस ठाऊक नव्हते. मधोमध दुभाजक नसेल तर दोन्ही दिशांच्या वाहनांनी बसपासून किमान २५ फुटांवर थांबलेच पाहिजे, असा त्या राज्याचा कायदा आहे. हा नियम मोडणाऱ्याच्या परवान्यावर पाच गुण चढतात. आम्ही जन्मभर मुलांना गुण दिले. तेथे गुण मिळणे ही शिक्षा आहे, आणि बारा झाले की परवाना निलंबित होण्याची वेळ येते.

आम्हांस कोणी पकडले नव्हते. चिरंजीवांना कळले नव्हते. ती रात्र आम्ही जागून काढली, आणि या खेपेस घड्याळाच्या फरकाने नव्हे. नियमांचे पुस्तक चिरंजीवांनी पहिल्याच दिवशी आमच्या उशाशी ठेवले होते. पाट्यांची चित्रे पाहून, तीसेक पाने चाळून, 'आठ वर्षे मोटार चालवितो, आम्हांस काय नवे?' अशा घमेंडीत आम्ही ते मिटून ठेवले. प्रश्न पुरता न वाचता उत्तर लिहिणाऱ्या किती मुलांना आम्ही बाकावर उभे केले असेल! पहाटे आम्ही चिरंजीवांना सारे सांगितले व मोटारीची किल्ली त्यांच्यापुढे ठेवली. ते काही वेळ बोललेच नाहीत. मग म्हणाले, "बाबा, मी रस्ते दाखवले, पण हे सांगायचं राहिलं. चूक माझीही आहे." आम्ही म्हणालो, "नाही. पुस्तक तू दिले होतेस. न वाचणारे आम्ही."

त्याच दुपारी आम्ही दोघे पायी त्या गल्लीत गेलो. ती बाई मुलाची वाट पाहत उभी होती. आमच्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत आम्ही सांगितले की, काल गाडी पुढे नेणारे ते आम्हीच. आम्ही शाळामास्तर होतो. नियम ठाऊक नव्हता, ही सबब नव्हे. आम्हांस क्षमा करावी. ती हसली नाही. आमच्याकडे क्षणभर रोखून पाहून म्हणाली, 'आता ठाऊक झाले ना? आपण सांगावयास आलात, हे बरे केलेत.' तेवढ्यात बस आली. दोन्ही बाजूंच्या मोटारी थांबल्या. एक मोठी मालमोटारही थांबली. तो चिमुरडा दप्तर सावरीत शांतपणे रस्ता ओलांडून आला. एका मुलासाठी सारा रस्ता उभा राहतो, हे दृश्य पाहून आमचे डोळे भरून आले. त्या बसगाड्यांचा पिवळा रंगही शिक्षकांच्याच जगात ठरला. १९३९ साली कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजात फ्रँक सायर यांनी परिषद बोलावून तो निश्चित केला, जेणेकरून गाडी लांबून व अंधुक उजेडातही ओळखू यावी. आपल्याकडेही शाळेच्या बसगाड्या पिवळ्या दिसतात. रंग आपण घेतला. थांबणे घ्यावयाचे राहिले.

पुढील आठ दिवस आम्ही किल्लीस हात लावला नाही. पुस्तक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत दोनदा वाचले. तेथील लेखी परीक्षेत ५० प्रश्न असतात व उत्तीर्ण होण्यास ४० बरोबर यावे लागतात. चिरंजीवांनी आमची तशीच तोंडी परीक्षा घेतली. आम्हांस ४६ मिळाले, आणि नातीने आमच्या वहीत 'छान' असा शेरा लिहिला. त्यानंतरच आम्ही पुन्हा मोटार चालविली, आणि चार महिने ईश्वरकृपेने निर्विघ्न पार पडले.

बंधुभगिनींनो, आपणांपैकी जे परदेशी जाणार असतील त्यांना आमच्या चार विनंत्या आहेत. पहिले दहा दिवस, झोप स्थिर होईपर्यंत, मोटारीस हात लावू नये. नियमांचे पुस्तक अथपासून इतिपर्यंत वाचावे. दर राज्याचे नियम वेगळे असतात, हे विसरू नये. पोलिसाने थांबविल्यास गाडीतून खाली न उतरता, हात चक्रावर ठेवून, तो विचारील तेवढेच सांगावे. आपल्याकडील रीतीने उतरून त्याच्याकडे जाऊ नये. आणि चूक झाली तर मुलांपासून लपवू नये. वय झाले म्हणजे मुलांपुढे कमीपणा येईल असे वाटते. परंतु आमचा अनुभव उलट आहे. त्या पहाटेनंतर चिरंजीवांचे व आमचे बोलणे जितके मोकळे झाले, तितके ते पूर्वी कधीही नव्हते.

परत आल्यावर आमच्या गावी शाळेपुढे एस.टी. थांबली आणि मुले उतरू लागली की आम्ही आपली मोटार मागे थांबवितो. मागची मंडळी भोंगे वाजवितात, कोणी हाका मारून रागावतात. परवा एक तरुण उतरून आला व म्हणाला, "गुरुजी, गाडी बंद पडली का?" आम्ही म्हणालो, "नाही बाळा, मुले उतरताहेत." तो क्षणभर घुटमळला, मग परत जाऊन आपल्या गाडीत बसला, आणि पुन्हा त्याने भोंगा वाजविला नाही. पस्तीस वर्षांच्या नोकरीत शिकविता आले नाही ते निवृत्तीनंतर शिकविण्याची ही संधी मिळाली, असे आम्ही समजतो.