फोटोची मागची बाजू

(दिंडीच्या शतकमहोत्सवी सप्ताहात जुन्या फोटोंचं प्रदर्शन भरवलं होतं. त्या वेळी केलेल्या भाषणाचा हा मजकूर. बोलण्यातली भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)



मी कीर्तनकार नाही. तालुक्याच्या गावी माझा फोटोचा स्टुडिओ. आता मुलगा बघतो. माझी चाळीस वर्षं अंधाऱ्या खोलीत लाल दिव्याखाली फोटो धुण्यात गेली. त्यामुळं अभंगाचं निरूपण माझ्याकडून व्हायचं नाही. फोटोचं करतो, गोड मानून घ्या.

या प्रदर्शनासाठी गावोगावच्या वारकऱ्यांनी घरातले फोटो आणून दिले. पत्र्याची एक ट्रंक भरली. फोटो हातात देताना बहुतेकांनी एकच विचारलं, “यातले आमचे पणजोबा कोणते, ते बघून सांगता का?” फोटोवरून पूर्वज सापडतात का? सापडतात. पण फोटोला नीट विचारावं लागतं, आणि तो कधीकधी खोटंही बोलतो, हे ध्यानात ठेवावं लागतं.

फोटोची कला 1839 साली पॅरिसमध्ये जगाला कळली. 1854 साली मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी निघाली, आणि तिच्यात भाऊ दाजी लाडांचे बंधू नारायण दाजी होते. म्हणजे मराठी माणसानं हे तंत्र फार लवकर हातात घेतलं. पण शेतकऱ्याच्या, कारागिराच्या घरी फोटो पोचायला पुढं दोन-तीन पिढ्या गेल्या. आपल्यापैकी बऱ्याच घरांत पणजोबांचा एकच फोटो असतो, तोही वारीतला नाहीतर जत्रेतला. त्यामुळं त्या एकाच फोटोवर सगळी भिस्त.

असा फोटो हातात आला की आपण चेहरा बघतो. मी सांगतो, आधी फोटो पालथा करा. मागं स्टुडिओचा शिक्का असतो, कधी पेन्सिलीनं टाकलेला निगेटिव्हचा नंबर असतो. कागदाच्या कंपनीचं नाव पुसट छापलेलं असतं. तिथं ‘इंदू’ असेल, तर तो कागद उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सचा. ती कंपनीच 1960 साली स्थापन झाली, तेव्हा ती प्रत त्याआधीची असूच शकत नाही. लहान, चौकोनी, पांढऱ्या काठाचा फोटो असेल, तर तो आग्फा क्लिक थ्रीसारख्या पेटी कॅमेऱ्यातला असण्याचा संभव. एका रोलमध्ये बारा फोटो निघायचे. मागं मोडीत किंवा बाळबोधीत शक लिहिला असेल, तर शकात 78 मिळवा, इसवी सन निघतो. नवं इंग्रजी वर्ष लागल्यापासून गुढीपाडव्यापर्यंतच्या तारखेला मात्र 79 मिळवायचे.

मग पुढची बाजू. प्रदर्शनात एका पोरानं मला विचारलं, “काका, आपल्या दिंडीची पताका पूर्वी काळी होती का?” काळी नव्हती, भगवीच होती. पण जुन्या काळच्या काचेच्या प्लेटांना आणि फिल्मला तांबडा रंग दिसतच नसे. कुंकू काळं यायचं, भगवं काळपट यायचं आणि निळं आभाळ पांढरं फटक. तेव्हा पताका काळी दिसली की समजावं, फोटो बहुधा बराच जुना आहे.

दुसरी खूण पखवाजाची. शाई उजव्या तोंडाला असते आणि कणीक डाव्या तोंडाला लावतात. फोटोत ते उलटं दिसलं तर एकतर वाजवणारा डावरा आहे, नाहीतर निगेटिव्ह पालथी ठेवून छापली आहे. पालथी असेल तर रांगेचा क्रमही उलटा होतो. मग आजोबांनी सांगितलेलं “डावीकडून तिसरा” हे उजवीकडून तिसरा होऊन बसतं, आणि त्या जागी भलताच माणूस पूर्वज म्हणून मिरवतो.

तिसरी खूण गळ्यातली माळ. माणसानं माळ कोणत्या वारीला घातली हे घरात पक्कं ठाऊक असतं. जन्मसाल विसरतील, माळ विसरायचे नाहीत. फोटोत गळ्यात तुळशीची माळ असेल, तर फोटो त्या वारीच्या नंतरचा.

आता फोटो खोटं कसं बोलतो ते ऐका. हे आमच्या धंद्यातलं गुपित आहे. पूर्वी स्टुडिओत एक कोट, एक घड्याळ आणि एक बांधून ठेवलेला फेटा खुंटीवर असायचा. येईल त्याला तो घालून बसवायचे. एका तालुक्यातले दहा पणजोबा एकाच कोटात सापडतात, त्याचं कारण हे. कोटावरून “आमचे पणजोबा मोठे सावकार होते” असं ठरवू नका.

त्याहून मोठी गोष्ट म्हणजे फोटोवरून केलेला फोटो. घरातला माणूस गेला की मुलगा एखाद्या घोळक्यातला फोटो घेऊन यायचा आणि नखाएवढा चेहरा दाखवून म्हणायचा, “एवढाच आहे, मोठा करून द्या.” एवढा चेहरा मोठा केला की पुसट होणारच. मग रंगवणारा कारागीर ब्रशनं डोळे काढायचा, मिशी भरायचा, डोक्याला पागोटं चढवायचा. मुलाला बाप मिळायचा. त्यात लबाडी नव्हती, माया होती. पण शंभर वर्षांनी त्या मिशीवरून नातं जुळवायला बसलो तर फसलोच. म्हणून भिंतीवरच्या मोठ्या फोटोपेक्षा ज्याच्यावरून तो केला, तो लहान मूळ फोटो शोधा.

हे सगळं सांगायचं कारण आपल्या या स्मरणिकेतच घडलं. प्रदर्शनात दाराशी लावलेला गोपाळपूरच्या काल्याच्या दिवशीचा फोटो तुम्ही पाहिलात. मधोमध विणेकरी उभे आहेत. त्यांचा मोठा केलेला फोटो दोन वेगवेगळ्या गावांतल्या दोन घरांत हार घालून लावलेला आहे. दोन्ही घरं म्हणतात, हे आमचे पणजोबा. दोन्ही घरं माळकरी, दोन्ही घरांत पिढ्यान्पिढ्या वारी. स्मरणिकेत त्या फोटोखाली नाव कोणाचं घालायचं?

बैठकीत कोणी म्हणालं, दोन्ही नावं घाला, भांडण नको. कोणी म्हणालं, चिठ्ठी टाका, पांडुरंग सांगेल. मी म्हणालो, पांडुरंगाला कामाला लावायच्या आधी आपण तहसीलला जाऊन येऊ.

मूळ लहान फोटो तिसऱ्याच घरी निघाला, तांदळाच्या डब्यात ठेवलेला. मागं लिहिलं होतं, शके 1858, आषाढ शुद्ध 15. म्हणजे सन 1936. आता ही तारीख नंतर कोणी आठवणीनं लिहिली असेल, अशी शंका घेता येते. म्हणून दुसरा पुरावा बघितला. पुढच्या रांगेत एक पोरगं बसलंय. ते कोण, याबद्दल वाद नाही. ते स्वतःच म्हातारपणी हा फोटो नातवंडांना दाखवायचे. त्यांच्या शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरात जन्मसाल 1928 आहे. फोटोतलं पोरगं आठेक वर्षांचं दिसतं. तारीख जुळली.

मग कोतवाल बुक काढलं. गावात जन्मलेल्याची आणि मेलेल्याची नोंद त्यात व्हायची. जुनी नोंद मोडीत असते, वाचून घ्यावी लागते. पहिल्या घरच्या पणजोबांच्या मृत्यूची नोंद 1934 ची निघाली. म्हणजे 1936 च्या काल्याला ते उभे असणं शक्य नाही. दुसऱ्या घरचे पणजोबा तेव्हा हयात होते. पण त्या घरचं म्हणणं होतं, “मिशी बघा, आमच्या सगळ्या पुरुषांची अशीच.” मूळ फोटोत विणेकऱ्यांना मिशी नाहीच. ती कारागिरानं काढलेली. तेव्हा ते असू शकतात, पण तेच आहेत असं म्हणायला आधार नाही. म्हणून या पुस्तकात त्या फोटोखाली छापलंय, “विणेकरी : नाव निश्चित नाही.”

काहींना हे आवडलेलं नाही. शंभर वर्षांच्या पुस्तकात विणेकऱ्याचंच नाव नाही, हे शोभतं का, असं विचारतात. माझं उत्तर असं. अंदाजानं नाव छापलं की दहा वर्षांत तो पुरावा होतो. पुढचा माणूस म्हणेल, स्मरणिकेत छापलंय. आणि हा माणूस ज्या घरचा खरा पूर्वज असेल, त्या घराला तो पुन्हा कधी सापडणार नाही. कोरी जागा भरता येते. चुकीचं नाव खोडायला कोणी येत नाही.

पहिल्या घरी ही गोष्ट सांगायला आम्ही दोघं गेलो होतो. मनात धाकधूक होती. थोरल्या आजींनी सगळं ऐकून घेतलं. बराच वेळ फोटोकडं बघत बसल्या. मग नातवाला म्हणाल्या, “कुणाचा का असंना, हातात वीणा हाय. भितीवरनं काढू नगंस. पर नाव तेवढं पुसून टाक.” मला वाटतं, आख्ख्या बैठकीत जे ठरत नव्हतं ते आजींनी दोन वाक्यांत ठरवलं.

आता मायमाउल्यांबद्दल. त्याच फोटोत सहा बायका आहेत. एकीच्या डोक्यावर तुळस आहे, एकीच्या डोक्यावर पाण्याचा हंडा. पुरुषांची बरीच नावं लागली. बायकांबद्दल विचारलं की उत्तर यायचं, “अमक्याची आई असंल.” आपल्या वंशावळी बघा, बाप, आजा, पणजा, सगळे पुरुष. लग्नात बाईचं आडनाव बदलतं, पुष्कळदा पाळण्यातलं नावही बदलतं, आणि ती कागदातून नाहीशी होते. वारस म्हणून फेरफारात नाव लागलं तर तेवढंच. फोटोत मात्र ती समोर उभी असते.

त्यातल्या तुळसवाल्या माउलीचं नाव लागलं ते सासरकडून नाही. त्याच फोटोची दुसरी प्रत वीस कोसांवरच्या एका गावातून आली. पाठीमागं जांभळ्या पेन्सिलीनं तिचं माहेरचं नाव आणि “वारीला गेली तवाचा” एवढंच लिहिलेलं. बहुधा तिनंच एक प्रत माहेरी धाडली असावी. सासरची पणती आणि माहेरची भाचरं या प्रदर्शनात त्या फोटोपुढं पहिल्यांदा भेटली. दोन्ही घरं इतकी वर्षं एकाच वाटेनं पंढरीला जात होती आणि एकमेकांना ओळखत नव्हती. म्हणून सांगतो, पूर्वज शोधताना आजीच्या माहेरची ट्रंक आधी उघडा.

आणि ज्यांच्या घरी एकही फोटो नाही त्यांनी वाईट वाटून घेऊ नका. फोटोला पैसे पडत. बैलगाडी हाकणारे, पालं ठोकणारे, पंगतीचं शिजवणारे फोटोच्या वेळी कामात असत. ज्यांना देवळातच प्रवेश नव्हता त्यांना फोटोच्या रांगेत कोण बोलावणार? साने गुरुजींनी मे 1947 मध्ये उपोषण केलं तेव्हा पंढरीचं दार सगळ्यांना उघडलं. त्यांची लेकरं आज आपल्या दिंडीत टाळ धरतात, आणि त्यांच्या पणजोबांचा फोटो आपल्या ट्रंकेत नाही. त्यांच्यासाठी आणि सगळ्यांसाठीच दुसऱ्या वाटा आहेत: शाळेचं रजिस्टर, कोतवाल बुक, जमीन असेल तर फेरफार. पंढरपूर, नाशिक, त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यांच्या वह्यांत आलेल्या यात्रेकरूंची गाववार नावं असतात. या पुस्तकात त्यांच्यासाठी कोरी चौकट छापली आहे आणि खाली नावं दिली आहेत. चौकट रिकामी असली तरी नाव रिकामं नाही.

शेवटी चार कामाच्या गोष्टी सांगतो.

जुना फोटो लॅमिनेट करू नका. चिकटपट्टी लावू नका. ओल्या फडक्यानं पुसू नका. काचेला चिकटला असेल तर ओढून काढू नका, काचेसकट त्याचा फोटो घ्या. मोबाईलवर उजेडात दोन्ही बाजूंचा फोटो काढून ठेवा. मागं बॉलपेननं लिहू नका, दाबाचे वळ पुढं उमटतात. मऊ पेन्सिल वापरा. बाईचं नाव लिहिताना माहेरचं नाव आणि गाव लिहा. हे कोणी सांगितलं, कधी सांगितलं, तेही लिहा. आणि पुढं एक शब्द टाका: खात्रीचं, अंदाजाचं, किंवा माहीत नाही.

घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाजवळ फोटो घेऊन बसा. “हे आजोबाच ना?” असं विचारू नका. म्हातारी माणसं आपलं मन राखायला मान डोलावतात. नुसता फोटो हातात द्या आणि गप्प बसा. ती आपण होऊन बोलतील. हे काम पुढच्या दिवाळीवर ढकलू नका. आषाढीला निघायच्या आत करा. दर वर्षी वाटेत कोणी ना कोणी कमी झालेलं असतं.

प्रदर्शनात प्रत्येक फोटोखाली नंबर आहे आणि दाराशी वही ठेवली आहे. ज्याला जे ठाऊक असेल ते त्या नंबरापुढं लिहा. लिहिता येत नसेल तर सांगा, मी तिथंच बसलोय, लिहून घेतो.

रामकृष्ण हरी.