आधी ओळख, मग फवारा
(नांदेड-लातूर जिल्हा बैठकीतील भाषण)



मागच्या पावसाळ्यात लातूर जिल्ह्यातल्या एका गावाहून आमच्याकडे बाटली आली. आत काळपट, चकाकणारे बारके भुंगेरे. पाझर तलावाच्या ओल्या काठावर सापडलेले, लागूनच कापूस. औषधाच्या दुकानात सांगितले होते, "नवी कीड आहे, उद्याच फवारा." आम्ही म्हणालो, थांबा, आधी ओळखू.

भिंग काढले. लांबी ज्वारीच्या दाण्याएवढीही नाही. पाय लांब, पळण्यासाठीच घडलेले. मिशा दोऱ्यासारख्या, अकरा पेरांच्या. जबडा पुढे आलेला. पाठीवरच्या कठीण पंखांवर तासांसारख्या उभ्या रेघा. एवढ्यावरून कूळ कळले: जमिनीवर पळणारे भुंगेरे, शास्त्रात कॅरॅबिडी. तोंडाजवळच्या मिशीचे शेवटचे पेर सुईच्या टोकासारखे; म्हणजे बेंबिडिऑन, टॅकिस यांच्या भावकीतला. नेमकी जात तज्ज्ञच सांगेल, म्हणून आम्ही सांगितली नाही.

हुमणीचा भुंगेरा वेगळा. तो जाडजूड, पळायला मंद, मिशीच्या टोकाला पंख्यासारख्या पाकळ्या. सोंड्याला सोंड असते. एवढा फरक शाळेतले पोरही सांगेल.

हा काठावरचा गडी चिखलातले बारके जीव खातो, कापसाचे पान नाही. याच कुळातले मोठे भुंगेरे रात्री शेतात अळ्या आणि कोष खातात. काही बियाही खातात, हेही सांगितले पाहिजे. हिरवी बोंडअळी मातीत कोषात जाते. 2018 साली देशात आलेली अमेरिकन लष्करी अळीही तशीच. तिथे फवारा पोचत नाही, भुंगेरा पोचतो. त्याच्या जिवावर बोंडअळी संपेल असे आम्ही म्हणत नाही. पण फुकटचा राखणदार उसनवारीच्या विषाने मारायचा, हा कोरडवाहू शेतकऱ्याला परवडणारा हिशेब आहे का?

आणि त्याच तळ्यावर आपली जनावरे पाणी पितात. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने 20 हून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले. विष घ्यावे लागले तर घेऊ, पण कशासाठी ते कळल्यावर.

म्हणून पुढच्या बैठकीला प्रत्येक गावाने एक भिंग आणि एक बाटली आणावी. चिठ्ठीवर तारीख, जागा, पीक लिहावे. जे आम्हाला ओळखता येणार नाही ते परभणीच्या कृषी विद्यापीठात कीटकशास्त्राच्या लोकांना दाखवू. त्या गावात फवारा झाला नाही. पंपाचे पैसे वाचले, भुंगेरेही वाचले.