पॅनेल आणि पंप यांच्यामधली पेटी

विहिरीवर सौर पंप बसला, की पाहणाऱ्यांचे लक्ष जाते पॅनेलकडे, नाही तर पाइपातून पडणाऱ्या पाण्याकडे. मध्ये सांगाड्याला अडकवलेल्या पेटीकडे कोणी बघत नाही. आज बोलायचे आहे ते तिच्याविषयी.

पॅनेलमधून निघणारी वीज एकदिश असते. टॉर्चच्या सेलसारखी एकाच दिशेने वाहणारी. आपली तीन फेजची मोटर मात्र मागते प्रत्यावर्ती वीज, म्हणजे जिची दिशा सारखी उलटसुलट होते ती. तारांवरून गावात येणारी वीज अशीच असते. तिची सेकंदाला ५० आवर्तने होतात. तीन फेजच्या अशा विजेमुळे मोटरीत चुंबकत्व गोल फिरते आणि आपल्याबरोबर आसालाही फिरवते. त्याच मोटरीला एकदिश वीज थेट जोडली, तर ती फिरायची नाही. नुसती तापेल आणि वाइंडिंग जळेल.

म्हणून मध्ये ही पेटी, म्हणजे इन्व्हर्टर. पाटाच्या पाण्याला दारे धरणारा गडी काय करतो? पाणी एकच, पण एक दार फोडून, दुसरे बांधून तो ते हव्या त्या वाफ्याला वळवतो. पेटीतले इलेक्ट्रॉनिक स्विच हेच काम सेकंदाला हजारो वेळा करतात. ढग आला, की पेटी आवर्तने कमी करते. मोटर सावकाश चालते, पाणी कमी पडते, पण पंप लगेच थांबत नाही.

मोबाइलचा चार्जर याच्या उलट करतो. प्रत्यावर्ती विजेची एकदिश वीज. शिक्षकांनी मुलांना त्यावरची अक्षरे वाचायला लावावीत. इनपुटपाशी नागमोडी रेघ दिसेल, आउटपुटपाशी सरळ.

आता जिवाची गोष्ट. पेटीचे बटण बंद केले म्हणजे सगळी वीज गेली, असे समजू नका. उजेड आहे तोवर पॅनेलच्या तारांत वीज असतेच, आणि तिचा दाब शेकडो व्होल्ट असू शकतो. पेटीतल्या कपॅसिटरमध्येही ती काही वेळ साठून राहते. प्रत्यावर्ती वीज सेकंदाला १०० वेळा शून्यावर येते, म्हणून तिची ठिणगी विझायला वाव असतो. एकदिश विजेला तशी उसंतच नाही. पंप चालू असताना पॅनेलची तार ओढली, तर जाळ धरून राहतो आणि हात भाजतो.

तेव्हा पंप बंद पडला, तर पेटी उघडू नका, तारा ओढू नका. बटण बंद करा आणि जाणत्या माणसाला बोलवा. पाण्याची एक पाळी चुकली तर पुढे देता येईल. गेलेला जीव परत येत नाही.