होस्ट्स फाइल : संगणकातील नावांची वही



संकेतस्थळाचे नाव ही केवळ माणसाची सोय होय. यंत्र यंत्राला ओळखते ते अंकांनी. तेव्हा नावावरून अंक शोधून देण्याचे काम कोणी तरी करावेच लागते.

प्रारंभी ते एका साध्या यादीवर भागत असे. अमेरिकेतील अर्पानेट या जाळ्यातील संगणकांची नावे व अंक एकाच फाइलीत लिहिलेले असत. कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये एलिझाबेथ फाइन्लर यांच्या देखरेखीखाली ती ठेवली जाई आणि इतर ठिकाणचे लोक तिची प्रत उतरवून घेत. संगणक वाढले तसा हा व्याप झेपेना. १९८३ साली पॉल मोकापेट्रिस यांनी मांडलेल्या योजनेने ही यादी अनेक संगणकांत वाटली गेली. तीच आजची डोमेन नेम सिस्टिम.

तथापि जुनी वही मोडीत निघाली नाही. प्रत्येक संगणकात तिचे लहानसे रूप अद्याप आहे, आणि सामान्यतः बाहेर विचारणा करण्यापूर्वी संगणक प्रथम तीच पाहतो. विंडोजमध्ये ती सिस्टिम३२ मधील ड्रायव्हर्स व त्यातील ईटीसी या फोल्डरात सापडते.

समजा, एका शाळेत इंटरनेट नाही, परंतु एका संगणकावर मुलांचे पाठ साठविले आहेत. त्याचा अंक १९२.१६८.१.१०. इतर संगणकांच्या वहीत हा अंक, पुढे मोकळी जागा व मग 'पाठ.टेस्ट' असे नाव लिहिले की मुलांना अंक घोकावे लागत नाहीत. नोंद मात्र रोमन लिपीत व इंग्रजी अंकांतच करावी. त्या संगणकाचा अंक कायम राहील अशी तजवीजही हवी. तो बदलला की नोंद निरुपयोगी. शिवाय दहा संगणक असतील तर दहा ठिकाणी लिहिणे आले. अर्पानेटचीच अडचण, लहान प्रमाणात!

फाइलीला हात लावण्यापूर्वी तिची प्रत काढून ठेवावी. नोटपॅड 'अ‍ॅडमिनिस्ट्रेटर' म्हणून उघडावे, अन्यथा बदल जतन होत नाही. पुष्कळांची फसगत होते ती पुढे : नोटपॅड नावामागे '.टीएक्सटी' जोडते आणि संगणक त्या फाइलीकडे पाहतही नाही.

जी सोय शिक्षकाला, तीच भामट्याला. एखादा घातक प्रोग्राम या वहीत बँकेच्या नावापुढे खोटा अंक लिहितो. शिक्षक नाव अचूक लिहितात, पण पोचतात भलतीकडे. ब्राउझर बहुधा प्रमाणपत्र जुळत नसल्याची सूचना देतो. ती कटकट समजून पुढे जाणे हीच खरी चूक.

विंडोजच्या मूळ फाइलीत सामान्यतः प्रत्येक ओळ '#' या चिन्हाने सुरू होते, व तशी ओळ संगणक वाचत नाही. त्यामुळे परकी नोंद चटकन नजरेत भरते. शाळेत कोणीही न केलेली अशी नोंद आढळली, तर ती पुसून निश्चिंत होऊ नये. लिहिणारा प्रोग्राम आतच असू शकतो. त्या संगणकावरील बँकेचे व वेतनाचे काम तत्काळ थांबवावे आणि तो जाणकाराकडून तपासून घ्यावा.