संशोधनाचे पहिले वर्ष

बंगळुरूच्या या शिवाजीनगरपासून काही मैलांवर भारतीय विज्ञान संस्था आहे. १९३३ मध्ये मुंबईची पदवी घेऊन कमला भागवत, म्हणजे पुढच्या कमला सोहोनी, तेथे आल्या. स्त्री म्हणून संचालक सर सी. व्ही. रामन यांनी आधी नकार दिला. मग पहिले वर्ष परीक्षाधीन ठेवले. अट अन्यायाचीच होती. त्या वर्षात त्यांना हात मिळाला तो मार्गदर्शक श्रीनिवासय्या यांचा: शिस्त कडक, पण शिकवण्याची तळमळ तेवढीच. १९३९ मध्ये त्यांनी केंब्रिजची डॉक्टरेट मिळवली.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांनुसार संशोधक विद्यार्थ्याला दर सत्रात सल्लागार समितीपुढे प्रगती मांडावी लागते. पहिल्या वर्षी तरी समितीने मार्गदर्शकालाही विचारावे: प्रयोगशाळेत विद्यार्थ्याशेजारी आपण किती वेळ उभे राहिलात?